रेषा आधी, मतदान नंतर : श्लेस्विगच्या सीमेवर

फ्लेन्सबर्गहून फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, काठाने उत्तरेकडे चालत गेले की एक चिंचोळा लाकडी पूल लागतो. अलीकडे जर्मनी, पलीकडे डेन्मार्क. पुलावर कोणी अडवत नाही. युरोपातील बहुतेक सीमा लढाईने किंवा वाटाघाटींच्या मेजावर ठरल्या. ही मात्र 1920 साली लोकांच्या मतांनी ठरली, आणि म्हणूनच स्वयंनिर्णयाचा, म्हणजे कोणत्या देशात राहायचे हे लोकांनी स्वतः ठरवण्याचा, हक्क प्रत्यक्षात कसा राबवला जातो हे समजून घ्यायला मी येथे आलो होतो.

श्लेस्विग म्हणजे आज या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला प्रदेश. प्रशिया (तेव्हाचे प्रबळ जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रिया यांच्याविरुद्धच्या 1864 च्या युद्धात डेन्मार्कने तो गमावला. त्यानंतर 1866 च्या प्राग तहाच्या पाचव्या कलमात असे आश्वासन देण्यात आले, की उत्तर श्लेस्विगच्या लोकांनी मुक्त मतदानाने तशी इच्छा दर्शवल्यास तो भाग डेन्मार्कला परत केला जाईल. परंतु हा करार प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यातला होता, आणि ज्यांच्या हक्काविषयी तो बोलत होता ते त्यात पक्षकारच नव्हते. त्यामुळे या दोन सत्तांना 1879 मध्ये ते कलम परस्पर रद्द करता आले. मतदान झाले ते पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर, व्हर्सायच्या तहानुसार.

त्यासाठी प्रदेशाचे दोन विभाग पाडण्यात आले. वीस वर्षे पूर्ण केलेल्या स्त्री-पुरुषांना मताधिकार होता, मात्र मतदाराचा जन्म त्या विभागातला असावा किंवा 1900 पूर्वीपासून त्याचे तेथे वास्तव्य असावे, अशी अट होती. त्यामुळे केव्हाच दूर जाऊन स्थायिक झालेले लोकही मत देण्यासाठी आपल्या जन्मगावी परतले. 10 फेब्रुवारीला उत्तरेकडील पहिल्या विभागाने सुमारे 75 टक्के मतांनी डेन्मार्कची निवड केली. 14 मार्चला फ्लेन्सबर्गसह दुसऱ्या विभागाने सुमारे 80 टक्के मतांनी जर्मनीची निवड केली.

आकडे निर्विवाद वाटतात, पण पहिल्या विभागातल्या टोंडरला गेल्यावर ते तसे राहत नाहीत. जुन्या, उतरत्या छपरांच्या घरांच्या या गावात तीन चतुर्थांश मतदारांनी जर्मनीला मत दिले होते आणि तरीही गाव डेन्मार्ककडे गेले, कारण पहिल्या विभागाची मते एकत्र मोजायची असे ठरले होते. दुसऱ्या विभागात मात्र मोजणी गावनिहाय होती. दोन्ही विभागांमधली रेषा डॅनिश इतिहासकार क्लाउसेन यांच्या अभ्यासावर आधारलेली होती. ती आणखी उत्तरेला ओढली असती तर टोंडर आज जर्मनीत असते. उलट, दुसऱ्या विभागातल्या फोर बेटावरील तीन छोट्या गावांनी डेन्मार्कला कौल दिला, पण ती जर्मनीतच राहिली. माझ्या मते या हक्काचा खरा निर्णय मतपेटीच्या आधीच होतो : रेषा कोठे ओढायची, मते एकत्र मोजायची की वेगवेगळी, आणि मतदार कोणाला मानायचे, हे तिघेचौघे बसून ठरवतात. टोंडरमधल्या त्या मतदाराला 'तुम्ही स्वतःचा निर्णय स्वतः घेतलात' असे सांगणे थोडे धाडसाचेच ठरले असते.

फ्लेन्सबर्गच्या जुन्या दफनभूमीत इस्टेडचा सिंह उभा आहे. 1850 च्या लढाईतील डॅनिश विजयाच्या स्मरणार्थ 1862 मध्ये उभारलेला हा पुतळा 1864 च्या डॅनिश पराभवानंतर बर्लिनला, दुसऱ्या महायुद्धानंतर कोपनहेगनला गेला आणि 2011 मध्ये येथे परतला. जो जिंकेल त्याने तो न्यायचा, अशी त्याची दीड शतकाची कहाणी. त्याचे परतणे कोणाचाही विजय नव्हता, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटले.

सीमेमुळे चुकीच्या बाजूला राहिलेल्यांचे काय, या प्रश्नाला बरेचसे उत्तर मिळाले ते 1955 च्या बॉन आणि कोपनहेगन घोषणांमध्ये. कोणी स्वतःला अल्पसंख्य म्हणवले तर ती निवड मुक्त मानायची आणि शासनाने तिची शहानिशा करायची नाही, हे दोन्ही देशांनी मान्य केले. आज फ्लेन्सबर्गमध्ये डॅनिश शाळा आणि डॅनिश वृत्तपत्र आहे, तर टोंडरमध्ये जर्मन शाळा. डॅनिश आणि फ्रिजियन (उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील एक भाषिक समाज) अल्पसंख्याकांच्या पक्षाला जर्मनीत संसदेत जागा मिळवण्यासाठीची किमान पाच टक्के मतांची अट लागू होत नाही आणि 2021 मध्ये त्याचा एक प्रतिनिधी जर्मन संसदेत निवडून गेला. मतदानाने जे फक्त काहींना मिळाले, ते उरलेल्यांपर्यंत पोहोचायला आणखी 35 वर्षे आणि एक महायुद्ध जावे लागले.