रिंग वाजते, पण आवाज येत नाही : घरचा फोन इंटरनेटवर आणताना

आईला कमी ऐकू येतं. मोठ्या बटणांचा, जाड रिसीव्हरचा तिचा जुना फोन तिला सोडायचा नव्हता. म्हणून घरचा नंबर इंटरनेट टेलिफोनीवर घेतला आणि तोच फोन जोडायला एटीए, म्हणजे अ‍ॅनालॉग टेलिफोन अ‍ॅडॅप्टर आणला. एवढीशी डबी असते. एका बाजूने राउटरकडे जाणारी नेटवर्क केबल, दुसऱ्या बाजूने फोनची वायर. फोन ज्या पोर्टात लावायचा त्याला एफएक्सएस म्हणतात. डायल टोन आणि घंटी वाजवणारा करंट तिथूनच येतो. एफएक्सओ पोर्ट बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी असतो, त्यात फोन लावला तर तो मुकाच राहणार. डबी घेताना एवढं नक्की बघून घ्यावं.

जोडणीला वेळ लागला नाही. लॉगिन, पासवर्ड, सर्व्हरचं नाव भरलं, दिवा लागला, डायल टोन आला. पहिला कॉलही लागला. समोरच्याला माझा आवाज स्वच्छ जात होता, मला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

अशा वेळी ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं रिसीव्हर बदला, कुणी म्हणतं राउटरचे सगळे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचे दरवाजे, उघडून टाका. हे दुसरं तर मुळीच करू नये. बाहेरच्या कुणालाही अ‍ॅडॅप्टरपर्यंत पोचायची वाट मोकळी होते आणि तुमच्या खात्यावरून भलतेच कॉल होऊ शकतात. मी आधी अ‍ॅडॅप्टरचं स्टेटस पान उघडलं आणि कॉल चालू ठेवून ते पुन्हा पुन्हा ताजं करत राहिले. पाठवलेल्या पॅकेटांचा, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्यांचा, आकडा भराभर चढत होता. आलेली पॅकेट : ०. म्हणजे रिसीव्हर, वायर, डबी सगळं ठीक होतं. समोरचा आवाज घरापर्यंत पोचतच नव्हता.

कॉल लावण्याची बोलणी सिप नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, होतात. आज चालतं ते त्याचं रूप २००२ साली आरएफसी ३२६१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ठरलं. प्रत्यक्ष आवाज मात्र सिपमधून जात नाही. तो आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने, वेगळ्या पोर्टांवरून जातो. कॉल लावताना अ‍ॅडॅप्टर सिपच्या मजकुरात लिहितो, ‘आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठवा.’ त्याला माहीत असलेला पत्ता घरातला, माझ्याकडे १९२.१६८.१.२०. तो घराबाहेर निरुपयोगी. राउटरचं नॅट, म्हणजे घरातल्या पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता लावणारी सोय, लिफाफ्यावरचा पत्ता बदलतं, आतल्या चिठ्ठीतला तसाच राहतो. सेवा देणाऱ्यांना हे ठाऊक असतं. पॅकेट खरोखर कुठून आलं ते पाहून बरेच सर्व्हर आवाज तिकडेच परत पाठवतात. मग आमच्याच घरी काय अडलं होतं?

उत्तर सेवेच्या तंत्रज्ञाशी मोबाईलवर बोलताना मिळालं. त्यांच्याकडे पोचलेल्या सिप मजकुरातला पत्ता त्यांना वाचून दाखवायला सांगितला. ते म्हणाले, १९२.१६८.०.२. माझ्या अ‍ॅडॅप्टरचा पत्ता तर हा नव्हताच! म्हणजे वाटेत कुणीतरी चिठ्ठी उघडून पत्ता बदलला होता. हे काम सिप एएलजीचं. राउटरमधली ही सोय सिपचा मजकूर वाचून आतले पत्ते दुरुस्त करते, आणि अनेक राउटरांत ती मुळातच चालू असते. माझ्या राउटरने अ‍ॅडॅप्टरचा पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहिला होता. पण तो पत्ताही खासगीच, कारण इंटरनेटवाल्यांनी बसवलेला डबा स्वतःच राउटर होता आणि माझा राउटर त्याच्या मागे. याला डबल नॅट म्हणतात. सर्व्हरची फसगत झाली ती या अर्धवट मदतीमुळे. माझं स्पष्ट मत आहे की घरच्या राउटरमध्ये सिप एएलजी बंदच असावं.

डबल नॅट ओळखणं सोपं आहे. राउटरच्या पानावर वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघायचा. तो १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर वर आणखी एक नॅट आहे. १००.६४ ते १००.१२७ दिसलं तर ते नॅट इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात असतं आणि घरात बसून काढता येत नाही.

आमच्याकडचं घरातलंच होतं. बाहेरच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकलं, म्हणजे त्याचं राउटरचं काम थांबवलं, राउटरमध्ये सिप एएलजी बंद केलं, मग डबा, राउटर, अ‍ॅडॅप्टर या क्रमाने बंद करून चालू केले. पुढच्या कॉलला आलेल्या पॅकेटांचा आकडाही पळू लागला आणि पलीकडून ‘हॅलो’ ऐकू आलं. काही राउटरांत हे सेटिंग दिसतच नाही. तिथे नेहमीच्या ५०६० ऐवजी सेवा देणाऱ्यांचा दुसरा पोर्ट घ्यावा, किंवा टीएलएस असेल तर उत्तमच, कारण कूटबद्ध मजकूर राउटरला वाचताच येत नाही.

एवढ्यावर संपलं नाही. फोन काही वेळ न वापरता पडून राहिला की येणारे कॉल वाजत नसत, आपण कॉल केला की पुन्हा सगळं सुरळीत. सिप ज्यावरून जातं ती यूडीपी जोडणी शांत पडली की राउटर ती विसरून जातो, कधी अर्ध्या मिनिटातच. आरएफसी ४७८७ नुसार निदान दोन मिनिटं तरी लक्षात ठेवायला हवी, पण सगळे राउटर ते पाळत नाहीत. अ‍ॅडॅप्टरमध्ये नॅट कीप-अलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवायला अधूनमधून छोटं पॅकेट पाठवणं, चालू करून २० सेकंदांवर ठेवलं. तक्रार गेली.

तिसरी अडचण आवाज तुटण्याची. कुणी फोटो किंवा व्हिडिओ अपलोड करायला घेतले की समोरच्याला आईचं वाक्य शब्द गाळलेलं ऐकू यायचं. कमी ऐकू येणाऱ्या आईला तेच पुन्हा बोलायला लावणं मला सहन होईना. वेग वाढवून घ्या, असं सगळे सांगतात. पण आवाजाचं डिजिटल रूप करणारा जी.७११ कोडेक सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो, एकात आवाजाचे १६० बाइट आणि वर हेडरचे ४०. म्हणजे एका दिशेला साधारण ८० किलोबिट. एवढं आजच्या बहुतेक जोडण्यांना पेलतं. खरी अडचण रांगेची असते. अपलोडने राउटरचा बफर भरला की आवाजाचं छोटं पॅकेट मागे अडकतं. पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ मोजणं, चालू ठेवून मी अपलोड केलं तर उत्तराचा वेळ कितीतरी पटींनी वाढलेला दिसला. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय, होती. अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली बांधली, तिच्यातली एफक्यू-कोडेल ही रांग लावायची पद्धत निवडली, आणि अपलोड चालू असतानाही आईचं बोलणं सलग होऊ लागलं.

वीज गेली की ही सगळी रचना बंद पडते. जुन्या लाइनला एक्स्चेंजमधून वीज मिळायची, इथे ती आपण पुरवायची. मी डबा, राउटर आणि अ‍ॅडॅप्टर तिन्ही एका छोट्या यूपीएसवर घेतले आहेत. नुसता अ‍ॅडॅप्टर चालू ठेवून भागत नाही. आणि राउटरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं की सिप एएलजी कधीकधी परत चालू होतं, म्हणून त्यानंतर मी ते सेटिंग उघडून बघते आणि एक कॉल बाहेर, एक आत करून घेते.