सेंट नाझैर ते न्यूयॉर्क, मुक्काम ऐरोली

‘सायलेंट हंटर 3’ हा दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचा कॉम्प्युटर गेम. खेळातलं साल 1942, माझी जर्मन टाइप सेव्हन-सी पाणबुडी. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सेंट नाझैरहून न्यूयॉर्क साधारण 3,100 सागरी मैल. 10 नॉटने, म्हणजे ताशी 10 सागरी मैलांनी, तेरा दिवस. 1024 पटीच्या टाइम कॉम्प्रेशनवर, म्हणजे खेळातला वेळ तितका भरभर पळवला तर, हिशेबाने अठरा मिनिटं, म्हणजे ठाण्याहून सुटलेली वाशी लोकल कोपरखैरण्याच्या आसपास पोचते तेवढीच. पण सेंट नाझैरबाहेरच्या बिस्केच्या उपसागरातच माझी संध्याकाळ जाते, तिथे शत्रूची विमानं फिरतात. तिथे मी 128 पटीच्या वर जात नाही, कारण वेळ जास्त पळवला की विमान दिसल्यावर बुडी मारायला वेळच उरत नाही. दिवसा पाण्याखाली, रात्री वर.

पुढे सगळा खेळ तेलाचा. ‘फुल स्पीडने गस्तीच्या चौकोनात पोचा’ हा सल्ला ऐकला की खरंच चीड येते. ही बोट 10 नॉटने 8,500 मैल जाते आणि 17 नॉटने जेमतेम 3,250. घाई केली तर अमेरिकेचा किनारा दिसतो, परतीचं तेल मात्र संपलेलं असतं. जाऊन-येऊन 6,200 मैल धरले की 2,300 उरतात. त्यातले 800 मी वादळासाठी बाजूला ठेवतो आणि रोज सकाळी नॅव्हिगेटरकडून पल्ला विचारून घेतो.

अकराव्या दिवशी, न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्राच्या दक्षिणेला, दाट धुकं. मूळ खेळात स्वच्छ हवेतही नजर 8 किलोमीटरपर्यंतच पोचते, धुक्यात तर काहीच दिसत नाही. पाण्यातला आवाज मात्र कितीतरी लांबून येतो. म्हणून दर चार तासांनी 25 मीटर खाली जायचं, वेग 2 नॉट, आणि हायड्रोफोनचं, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्राचं, चाक स्वतः हळूहळू पूर्ण 360 अंश फिरवायचं. खलाशी ‘काही नाही’ म्हणतो तिथेही आपल्या कानाला ऐकू येतं. ऐरोलीत बाहेर पाऊस कोसळत असेल तर खिडकी बंद, खोलीतला पंखाही बंद. मग 310 अंशांवर ते येतं: जड, संथ, धप्... धप्... धप्. व्यापारी जहाजाचा पंखा. डिस्ट्रॉयरचा, म्हणजे पाणबुड्या शोधणाऱ्या युद्धनौकेचा, आवाज याहून भरभर आणि बारीक. अकरा दिवसांचा रिकामा समुद्र त्या एका आवाजाने माणसांनी भरून जातो.

दिशा कागदावर लिहायची, कोर्स आणि वेग तोच ठेवायचा, अर्ध्या तासाने पुन्हा ऐकायचं. दिशा तीच आणि आवाज वाढलेला, तर जहाज आपल्याच वाटेवर येतंय. दिशा नाकाकडे सरकली तर ते पुढून जाणार, शेपटीकडे सरकली तर मागून. मधेच वळलात तर पहिलं माप फुकट.

हल्ला मात्र बँक्सवर नको. तिथे बहुतेक ठिकाणी 100 मीटरही खोली नाही, लपायला जागाच नाही. व्यापारी जहाजांच्या ताफ्याच्या पुढे राहून नकाशावर 200 मीटरची रेघ ओलांडेपर्यंत थांबावं. टॉर्पिडो सुटले की 150 मीटर खाली, सायलेंट रनिंग (आवाज न करता चालणं), 2 नॉट. डिस्ट्रॉयर अगदी डोक्यावर आला की त्याचं सोनार आपल्याला गमावतं. तेवढ्या क्षणापुरता पूर्ण वेग आणि जोराचं वळण, मग परत 2 नॉट. बॅटरी 4 नॉटने 80 मैल पुरते, 7 नॉटने बघता बघता संपते.

पावसाळ्यात वीज जाते म्हणून रोज सेव्ह करतो, पण पाण्यावर आणि आसपास कुणी नसतानाच. पाण्याखाली किंवा ताफ्याजवळ केलेलं सेव्ह बिघडण्याचा धोका असतो.

न्यूयॉर्कसमोरच्या उथळ पाण्यात दोन रात्री, मग परतीचे तेरा दिवस. बिस्केच्या तोंडाशी नॅव्हिगेटरने पल्ला सांगितला: 900 मैल.