हेडनचा जुलै १९८२

व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारा अमेरिकी कार्यकर्ता टॉम हेडन, त्याचा तो जुलै डोक्यातून जात नाही. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकी सरकारची बंदी असताना उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईला गेलेला माणूस. १९६८ च्या युद्धविरोधी निदर्शनांवरून झालेल्या शिकागो खटल्यात पाच वर्षांची शिक्षा झाली, वरच्या कोर्टाने १९७२ ला रद्द केली, तरी हा काही मऊ पडला नाही. आणि १९८२ मध्ये लेबनॉनच्या राजधानीला, बैरूतला इस्रायलचा वेढा पडलेला असताना तोच बायकोसोबत, म्हणजे अभिनेत्री जेन फोंडासोबत, इस्रायली फौजेच्या भेटीला जातो. कशासाठी, तर कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाकडच्या आमदारकीसाठी! तिथल्या ज्यू मतदारांचा पाठिंबा हवा होता.

राग येत नाही, पोरकं वाटतं. युद्धाला नाही म्हणायला ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांनीच एका जागेसाठी असं करावं? मग आपण कुणाकडे बघायचं?

जागा कशी मिळते हे मात्र त्याला ठाऊक झालं होतं. १९७६ ला अमेरिकी संसदेतल्या सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन टनी या विद्यमान सिनेटरसमोर उभा राहिला, बारा लाखांच्या आसपास मतं घेतली आणि हरला. सगळं राज्य एकदम जिंकता येत नाही, म्हणून मग भाडेकरू, घरभाडं, सौरऊर्जा. १९७९ ला सांता मोनिकात भाडेनियंत्रण मंजूर झालं, त्यात त्याच्या संघटनेचा हात होता. हे मला खरंच मोठं वाटतं, आंदोलनाइतकंच.

सभागृहातलं गणित तर त्याहून कठीण. कॅलिफोर्नियाच्या कनिष्ठ सभागृहात, असेंब्लीत ८० जण, विधेयकाला ४१ मतं हवीत. राज्याच्याच सिनेटमध्ये ४० पैकी २१. वर राज्यपालाची सही. त्याच्या आमदारकीच्या १८ वर्षांतली पहिली १६ राज्यपाल विरोधी, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा. राज्यपालाचा नकाराधिकार मोडायचा तर दोन तृतीयांश, म्हणजे असेंब्लीतच ५४. एकट्याच्या निष्ठेवर काहीच पुढे सरकत नाही, न पटणाऱ्या माणसाकडेही मत मागायला जावंच लागतं. १९८६ मध्ये व्हिएतनामच्या जुन्या रागातून त्याला सभागृहातून काढायचा प्रयत्न झाला. तो फसला, कारण पुरेसे सहकारी त्याच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी त्याने उचलून धरलेला ‘प्रस्ताव ६५’ राज्यातल्या मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केला, विषारी रसायनांची सूचना लावणं सक्तीचं झालं.

पण जुलै? तो या गणितात बसवता येतो, माफ करता येत नाही. फोंडाचं काय, तिला काय वाटलं असेल, ते जाऊ दे.

२००६ च्या जुलैत त्याने लेख लिहून १९८२ ची ती भेट चुकली म्हणून सांगितलं. चोवीस वर्षांनी, पद सोडून सहा वर्षं झाल्यावर. आधी वाटलं, मतं मागायची नव्हती तेव्हा कबुली सोपीच. मग लक्षात आलं, २००६ च्या त्या जुलैत लेबनॉनवर पुन्हा इस्रायलचे बॉम्ब पडत होते. तेव्हा गप्प राहणं त्याहून सोपं होतं. आपल्याच चुकीचा दाखला देऊन तो बोलला, तेवढं मी त्याच्या बाजूने धरते.