इंजिन ठणठणीत, पण कॉम्प्युटर म्हणतो ‘नॉट रेडी’

एका गॅरेजमधल्या पोराने मला मदत करायची म्हणून एक बटण दाबलं आणि माझा जवळजवळ अख्खा जानेवारी त्यात गेला. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहून काढते आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना उपयोग होईल, नाही झाला तर निदान माझं डोकं तरी हलकं होईल.

गाडी म्हणजे २००८ची सुबारू आउटबॅक, २.५ लिटर, ऑटोमॅटिक. आकाराने लांबलचक स्टेशन वॅगन आणि चारही चाकांना ताकद. एक लाख नव्वद हजार मैल झालेत, म्हणजे तीन लाख किलोमीटरच्या वर. आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला राहतो. या गावात बीचव्ह्यू भागात कँटन ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, त्याचा चढ ३७ टक्के. आमची गल्ली तितकी वाईट नाही, पण बर्फ पडला की शेजारचे लोक गाड्या खाली मुख्य रस्त्यावर लावून चालत घरी येतात. माझी वॅगन किराणा सामानासकट दारापर्यंत येते. विकायचा विषय निघाला की मी हेच सांगते आणि विषय संपतो.

पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीचं पासिंग करावं लागतं. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आरटीओची पायरी चढावी लागते, इथे गाडी नवी असो की जुनी, दर साल. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात शेजारीशेजारी दोन स्टिकर लागतात, एक सेफ्टीचा, दुसरा एमिशनचा, म्हणजे धुराच्या तपासणीचा. एमिशन राज्यभर नाही, ठरावीक काउंट्यांतच (म्हणजे जिल्ह्यांतच) आहे, आणि पिट्सबर्गची अलेगेनी काउंटी त्यात येते. हे काम सरकारी कचेरीत होत नाही, परवाना असलेल्या खासगी गॅरेजांत होतं. जो तपासतो तोच दुरुस्तीही करतो, यात बरंच काही आलं.

सेफ्टी पास झाली. ब्रेक, टायर, बॉल जॉइंट, खालचा पत्रा, सगळं ठीक. अठरा वर्षांच्या गाडीबद्दल मला याचा अभिमान वाटतो.

अडलं ते एमिशनपाशी. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला होता. कोड पी०४२०, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं गाडीच्या कॉम्प्युटरचं म्हणणं. दिवा पेटलेला असला की एमिशन नापास, चर्चा नाही. काउंटरवरच्या माणसाने लगेच नव्या कन्व्हर्टरचा आकडा सांगितला. त्या पैशात एखाद्याला चालू स्थितीतली जुनी गाडी मिळेल. मी म्हटलं, विचार करून सांगते.

हा कोड येतो कसा, तेवढं समजून घ्या, पैसे वाचतील. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचं रीडिंग सतत वरखाली होतं, मागच्याचं शांत राहायला हवं. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॉम्प्युटर समजतो, कन्व्हर्टर मेला. पण एक्झॉस्टच्या पाइपला मागच्या सेन्सरच्या अलीकडे कुठे फट असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तोच सेन्सर फसतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने पाइपाचे जोड गंजतात. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलली, जोडाभोवती साबणाचं पाणी मारलं आणि मला बुडबुडे दाखवले. गॅस्केट (जोडातलं सील) आणि बोल्ट बदलले, झालं. कन्व्हर्टर आहे तोच आहे. ज्यांना पी०४२० आला असेल त्यांनी आधी गळती बघून घ्या, मग कन्व्हर्टरचं बोला. आणि खरंच बदलायची वेळ आली तर अगदी स्वस्तातला बाहेरचा कन्व्हर्टर घेऊ नका. तसा बसवलेल्यांना वर्षभरात तोच कोड पुन्हा आल्याचं भरपूर मालकांकडून ऐकलं आहे.

म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट बजावली होती: “दिवा मशीन लावून घालवायचा नाही. गाडी चालव, आपोआप विझेल.” दोष गेला असेल तर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासणीत सलग तीन वेळा गाडी नीट निघाली की दिवा स्वतःहून विझतो. माझा विझला. मी निर्धास्तपणे फेरतपासणीला पहिल्या गॅरेजात गेले आणि चावी देताना स्पष्ट सांगितलं, कोड पुसू नका.

तर त्या पोराने काय केलं? स्वतःचा स्कॅनर (कोड वाचायचं आणि पुसायचं मशीन) लावला, कॉम्प्युटरच्या मेमरीत पडून राहिलेला जुना कोड त्याला दिसला (दिवा विझल्यावरही तो बरेच दिवस राहतो, त्याने टेस्टला काही बाधा येत नाही), आणि ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून पुसून टाकला. मग गाडी सरकारी मशीनला जोडली. मशीनने नापास केलं नाही. मशीन म्हणालं, नॉट रेडी.

कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की गाडीचा कॉम्प्युटर आपल्या स्वतःच्या सगळ्या चाचण्या विसरतो. कन्व्हर्टर, सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा, या प्रत्येकाची एक चाचणी असते, तिला मॉनिटर म्हणतात. त्या पुन्हा पूर्ण झाल्याशिवाय टेस्ट घेतच नाहीत, कारण नाहीतर प्रत्येकाने दारात कोड पुसून आत गाडी घातली असती. नियम म्हणून बरोबरच आहे. पुसलं कुणी, हे मात्र मशीन विचारत नाही. मी काउंटरवर हे सांगितलं तर उत्तर आलं, “थोडी फिरवा, होईल.”

थोडी म्हणजे किती? कुणालाच सांगता येत नव्हतं.

२००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना एक मॉनिटर अपूर्ण असला तरी चालतो, १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन. माझे दोन राहिले होते, कन्व्हर्टरचा आणि वाफेचा. आता वाफेची चाचणी व्हायला बाहेर फार थंडी असून चालत नाही, साधारण चाळीस अंश फॅरनहाइटच्या वर तापमान लागतं, आणि टाकीही पूर्ण भरलेली किंवा रिकामी चालत नाही. पिट्सबर्गच्या जानेवारीत चाळीस अंश कुठून आणायचे? म्हणजे तो मॉनिटर विसरायचा आणि जी एक सूट आहे ती त्याच्यावर खर्च करायची. उरला कन्व्हर्टरचा. त्याला काय लागतं? इंजिन पूर्ण तापलेलं आणि हायवेला बराच वेळ एकाच वेगाने गाडी. ॲक्सिलरेटर हलवायचा नाही, ब्रेक मारायचा नाही.

एकाच वेगाने! या गावात! ऑफिसला जाताना मला पार्कवे ईस्टवरून स्क्विरल हिल टनेलमधून जावं लागतं. त्या बोगद्याच्या तोंडाशी येऊन प्रत्येक माणूस ब्रेक का मारतो, याचं उत्तर पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्यांनाही देता येत नाही. आत अंधार नाही, वळण नाही, टोल नाही. तरी सगळे थबकतात, रोज. मी पंचावन्नवर काटा स्थिर धरून दहा मिनिटं काढलेली असायची आणि समोर लाल दिव्यांची रांग लागायची. मोबाइलला जोडलेला छोटा स्कॅनर घेतला होता (स्वस्त मिळतो, जुनी गाडी असेल तर हा घ्याच, हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं), त्यावर सिग्नलला थांबले की बघायचं: ‘इनकम्प्लीट’. घरी येऊन पुन्हा बघायचं: ‘इनकम्प्लीट’. नवरा म्हणाला, दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट उघडत नव्हती तेव्हा तू अशीच दिसत असशील.

सांगलीहून बाबांचा फोन. “अठरा वर्षांची गाडी, विकून टाक की. आणि पीयूसीवाला एवढं नाटक करतो होय? आपल्याकडे पाइपात नळी घालतो, कागद देतो.” मी म्हटलं, बाबा, इथे पाइपात नळी घालतच नाहीत, गाडीला विचारतात आणि गाडी म्हणते, मला आत्ता सांगता येत नाही. बाबांना ते फार आवडलं. त्यांनी ते काकांनाही सांगितलं.

मला हसू येत नव्हतं, कारण स्टिकरची मुदत महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपते आणि त्यानंतर पोलिसाने अडवलं तर दंड. वर आणखी एक भीती: कडाक्याच्या थंडीत बॅटरी पूर्ण उतरली तर सगळे मॉनिटर पुन्हा शून्यावर. म्हणून रात्री बॅटरीला चार्जर लावून ठेवायचा आणि सकाळी उठून आधी बर्फात वायर गुंडाळायची.

शेवटी एका रविवारी उजाडायच्या आत निघाले. रात्रभर गाडी थंड उभी होती, हे चांगलं असतं. टाकी अर्ध्यावर. आधी गल्लीबोळातून इंजिन तापवलं, मग आय-७९ धरून उत्तरेला, एरीच्या दिशेने. रस्ता मिठाने पांढरा पण कोरडा, ट्रक सोडले तर कुणी नाही. उजव्या लेनमध्ये पंचावन्न, क्रूझ कंट्रोलवर. ट्रकवाले मागून येऊन दिवे दाखवून पुढे जात होते, जाऊ देत. क्रॅनबरी मागे पडल्यावर एका विश्रांतिस्थळी थांबून मोबाइल बघितला. कन्व्हर्टरसमोर हिरवी खूण! मी गाडीत एकटीच मोठ्याने ओरडले. एकदा ती खूण आली की गाडी बंद केली तरी जात नाही, पण मला इंजिन बंद करायचा धीर होईना, म्हणून कॉफीसुद्धा न घेता तशीच परत फिरले.

सोमवारी एमिशन झालं, वेगळ्या गॅरेजात. चावी देताना स्कॅनरचा स्क्रीन दाखवला आणि म्हटलं, फक्त टेस्ट, बाकी कशालाही हात नाही. पोरगी हसली, पण तिने ऐकलं. काचेला स्टिकर लागला.

एक गोष्ट मला नंतर कळली: मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधीपर्यंत तपासणी करून घेता येते आणि पुढची तारीख तीच राहते. म्हणजे जानेवारीअखेरची मुदत असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जा. तेव्हा हवा बरी असते, वाफेचा मॉनिटरही होतो आणि काही निघालंच तर हाताशी वेळ असतो. शिवाय वर्षभरात पाच हजार मैलांहून कमी चालली असेल आणि गाडी किमान वर्षभर तुमच्या नावावर असेल, तर एमिशनमधून सूट मिळते. माझी त्याहून कितीतरी जास्त चालते.

आता जुनी आउटबॅक घेऊ का, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं, कारण पासिंगचं वाचून घाबराल. या काळातल्या २.५ लिटर इंजिनांचं नाव हेड गॅस्केटसाठी (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) बदनाम आहे आणि ते उगीच नाही. नव्वदच्या दशकातली गॅस्केटं आतून फुटायची आणि इंजिन एकदम तापायचं. त्यानंतरची बाहेरच्या बाजूला हळूहळू कूलंट किंवा ऑइल पाझरतात. बघायला जाल तेव्हा गाडी चांगली तापवा, थांबवा आणि इंजिनाच्या खालच्या कडेला टॉर्च मारून ओल दिसते का बघा. मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने स्टीलच्या पदरांची गॅस्केटं बसवून घेतली होती आणि पावती जपली होती. पावती नसती तर मी तितके पैसे मोजले नसते.

टायमिंग बेल्टची (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा) मुदत १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, जे आधी येईल ते. लोक मैल मोजतात, महिने विसरतात. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बदलताना वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलर एकदमच करून घ्या, मजुरी तीच लागते.

आणि टायर. चारही चाकांना ताकद म्हणजे चारही टायर एका जातीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. फरक राहिला तर चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचवर सतत ताण येतो. पुढे पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली की गाडी अडखळते, हे त्याचं लक्षण. घेताना रिकाम्या जागेत आठचा आकडा काढून बघा. एक टायर फुटला तर दुकानदार एकच नवा बसवून देईल, ऐकू नका. काही विक्रेते नवा टायर खरवडून बाकीच्यांच्या जाडीचा करून देतात, ते स्वस्त पडतं.

ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगची रिकॉल (कंपनीने गाड्या परत बोलावून भाग बदलून देणं) याही वर्षांच्या आउटबॅकना होती. चेसिस नंबर टाकून सरकारी साइटवर बघा, काम फुकट होतं. फक्त एअरबॅगच्या कामात बॅटरी काढतात. त्यामुळे ते काम पासिंगच्या आधीच्या आठवड्यात करू नका.