सहा नद्यांचे सहा रुपये

मंगळवार, रात्री साडेअकरा

संमतीपत्र तीन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेलं आहे. लेक येता-जाता आधी त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता पुढे जाते. आठवीची सहल. सोलापूर ते दिल्ली, मग आग्रा. शुक्रवारी सकाळी कर्नाटक एक्स्प्रेसने निघायचं, मंगळवारी रात्री परत. चार रात्री. आजवर ती माझ्याशिवाय राहिलीय ती फक्त बार्शीला, मामाकडे.

पत्रात तिसरी ओळ आहे : प्रवासात काही अनुचित घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. सगळ्याच शाळा असं लिहून घेत असतील. पण 'अनुचित' या शब्दापाशी माझा पेन थांबतो. २०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची सहलीला गेलेली १४ मुलं बुडाली होती. तेव्हा ही जेमतेम चार वर्षांची. टीव्हीवर किनाऱ्यावर पडलेल्या चपला दाखवत होते, आणि मी हिला मांडीवर घट्ट धरून बसले होते. दिल्लीला समुद्र नाही, हे मला कळतं. कळून काय होतं?

हे म्हणाले, "अगं, आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस चीनला गेले होते, ही तर दिल्लीला चाललीय." बोलून गेले आणि लगेच गप्प झाले. कोटणीस १९३८ साली गेले आणि १९४२ साली तिकडेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात आम्ही दोघं हिला घेऊन गेलो होतो. मला तेव्हा त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या आईचं काय झालं असेल हेच सुचत होतं.

आणि अण्णा. माझे वडील. मीही आठवीत होते. वेरूळ-अजिंठ्याची सहल होती, अण्णांनी सही केली नाही. कारण सांगितलं नाही. ते गिरणीत होते, पगार वेळेवर होत नव्हता, त्यामुळे पैशाचं असेल असं मी समजून चालले. वर्गातल्या मुली लेण्यांचे फोटो घेऊन आल्या तेव्हा मी अण्णांशी आठवडाभर बोलले नाही. ते गेल्यावर आई एकदा म्हणाली, "पैसे काढून ठेवले होते गं त्यांनी. डब्यात होते. रात्री उठून डबा उघडायचे, परत ठेवायचे. द्यायला हात होईना." हे मला वीस-बावीस वर्षांनी कळलं. आता फ्रिजवरचा तो कागद बघते तेव्हा मला अण्णा रात्री डबा उघडताना दिसतात.

मी उद्या सही करणार आहे.

बुधवार

केली. पेन उचलून लगेच केली, ती ओळ दुसऱ्यांदा वाचली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. खरी भीती ती आहे. हिला सहाव्या वर्षापासून दमा आहे. आम्ही पूर्वभागात राहायचो तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना माग चालायचे. सुताचा बारीक केर उंबऱ्यावर, पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आम्ही जुळे सोलापूरला आलो. तेव्हापासून बरंच कमी आहे, पण थंडी पडली, सर्दी झाली, जिना पळत चढली की छाती वाजते. आणि दिल्लीची डिसेंबरातली हवा! थंडीत तिकडे वारा पडतो, गार हवा जमिनीलगत धरून राहते आणि गाड्यांचा, कारखान्यांचा धूर वर जायलाच मागत नाही. सकाळच्या बातम्यांत इंडिया गेट दिसतच नाही, नुसता राखाडी पडदा.

मला वाटलं होतं डॉक्टर म्हणतील, नका पाठवू. मनातून मी त्याचीच वाट बघत होते, हे इथे लिहून ठेवते. त्यांनी माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून सांगितलं. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ चुकवायचा नाही, घेतल्यावर चूळ भरायची. दम लागल्यावर घ्यायचा निळा पंप बॅगेत नाही, अंगावरच्या खिशात. जिने चढायचे असतील, पहाटे गारठ्यात बाहेर पडायचं असेल तर आधीच दोन दाब. दम लागला तर बसायचं, पंपाला स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळी लावायची, सावकाश ओढायचं. निळ्याने उतार पडला नाही तर सरांना लगेच सांगायचं, लपवायचं नाही. चांगला मास्क. ती मान डोलवत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "स्पेसर नेणार नाही. एवढं मोठं ते. सगळ्या बघतात." वर्गात तिच्या दम्याचं कुणालाच माहीत नाही. मी तिथे रस्त्यावरच रागावले, आणि तिचं तोंड उतरलं. पंप घेताना माझी पोर बाथरूममध्ये जाते, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं. बरं वाटलं.

गुरुवार

बॅग तीन वेळा भरली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या, शेंगापोळ्या. कडक भाकरी महिनाभरसुद्धा टिकते, चार दिवसांचं काय. "आई, तिकडे जेवण देतात," ती म्हणाली. देत असतील. हिवाळी कपडे आमच्याकडे असून असून किती असणार? सोलापुरात उन्हाळा चाळीस-बेचाळीसचा, स्वेटर वर्षातून पंधरा दिवस. यांनी कारखान्यातून एक चादर आणली, जाड, लाल-काळी, मोरांची. अर्धी बॅग तिनेच भरली. मी काढायला लागले तर हे म्हणाले, राहू दे. मग शेंगापोळ्या निम्म्या काढल्या.

सॅनिटरी पॅडचं पाकीट वेगळ्या पिशवीत घालून दिलं. तारीख जवळ नाही, पण प्रवासात पुढे-मागे होतं. बाईंना कसं सांगायचं तेही सांगितलं. याबद्दल आम्ही दोघी पहिल्यांदाच एवढं मोकळं बोललो. स्पेसर तिने स्वतः चादरीच्या घडीत ठेवला. मी काही म्हटलं नाही.

रात्री सासूबाईंनी तिला जवळ बसवून रुमालात रुपयाची नाणी बांधून दिली. नदी लागली की खिडकीतून एक टाकायचं आणि हात जोडायचे. सीना, भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा. मी नकाशा काढून बघितला, तर पुढे मोरेना आणि धोलपूरच्या मध्ये चंबळ आहे. म्हणून सहा केली. यमुना गाडीतून ओलांडावीच लागत नाही, ती ताजमहालाच्या मागे भेटेल.

ती झोपल्यावर निळ्या पंपाच्या पाठीवरचा उरलेल्या दाबांचा आकडा बघितला. १६४. म्हणजे भरपूर आहे.

शुक्रवार, रात्री

स्टेशनवर साठ पोरं आणि शंभर-सव्वाशे आई-बाप. प्रत्येकीचं तेच चाललेलं, पाण्याची बाटली घेतलीस का, पैसे कुठे ठेवलेस. शेजारची तेलुगू आई लेकाच्या कपाळाला अंगारा लावत होती आणि तो पुसत होता. गाडी आली, आणि ज्या पोरीला मी रोज सकाळी तीन हाका मारून उठवते ती माझ्या आधी डब्यात चढली होती. खिडकीतून हात हलवला. मी गजांना धरून काहीतरी सांगत होते, काय ते आता आठवत नाही. गाडी हलल्यावर हे माझ्या हाताला धरून उभे राहिले.

घरी आल्यावर तिची बादली, तिची चप्पल, डब्याचं झाकण, सगळं जागच्या जागी.

दिवसभर मोबाइलवर गाडी बघत होते. कुर्डुवाडी. भिगवणच्या अलीकडे उजनीचं पाणी लागलं असेल, थंडीत तिथे रोहित पक्षी येतात, तिला दिसले असतील का? नगरच्या पुढे फोन लागला. "आई, किती फोन करलालीस! जेवलालोय आम्ही." मागे नुसता गोंधळ आणि हसणं. दोन नद्या झाल्या, म्हणाली. पंप घेतलास का म्हणायच्या आत ठेवला.

भुसावळनंतर लागलाच नाही. मध्यरात्रीच्या सुमाराला गाडी इटारसी सोडून नर्मदेकडे निघाल्याचं दिसलं. मी अंथरुणात उठून बसले. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, ती जागी असेल, रुमालाची गाठ सोडत असेल. मी हात जोडले. सासूबाई अंधारातून म्हणाल्या, "नर्मदा आली का?" त्याही जाग्याच होत्या.

शनिवार

पोहोचली. सरांनी ग्रुपवर फोटो टाकला, साठ पोरं मास्क लावून. मी फोटो बोटांनी मोठा करत करत शोधत होते. दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. अंगावर चादर! स्वेटरवरून चादर गुंडाळून उभी आहे, आणि तिच्याच चादरीत अजून दोघी शिरल्यात.

रविवार

लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट. दुपारी फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. खोकत होती. "बरीये मी." पंप? "घेतला एकदा." मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचा होता म्हणून उगीच काहीबाही विचारत राहिले, काय खाल्लं, शेजारी कोण झोपली. बोलताना वाक्य तुटतं का, मध्ये थांबावं लागतं का, हे बघायचं असतं, डॉक्टरांनीच शिकवलंय. वाक्यं पूर्ण होती.

संध्याकाळी सिद्धेश्वराला गेले. तळ्याकाठी बसून राहिले. पुढच्या महिन्यात गड्ड्याची जत्रा भरेल. ही पाच वर्षांची असताना होम मैदानावर गड्ड्याच्या गर्दीत माझा हात सुटला होता. दहा मिनिटं. पाळण्यांचे आवाज, कर्णे, भोंगे, आणि मी नुसती तिच्या नावाने ओरडत होते. सापडली ती बांगड्यांच्या दुकानासमोर, शांतपणे बांगड्या बघत. हरवलो होतो हे तिला माहीतच नव्हतं. ती दहा मिनिटं माझ्या अंगातून अजून गेलेली नाहीत.

सोमवार

आज आग्रा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणून शाळेने आजचा दिवस धरला. आज रात्री तिथूनच परतीची गाडी.

आग्रा म्हटलं की आपल्याला पेटारे आठवतात. मला आज मथुरा आठवत होती. १६६६ च्या मे महिन्यात महाराज आग्र्याच्या दरबारात गेले ते नऊ वर्षांच्या शंभूराजांना घेऊन. १७ ऑगस्टला निसटले, आणि एवढ्या लहान पोराला घेऊन वेगाने येणं धोक्याचं म्हणून त्याला मथुरेत ओळखीच्या ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवून पुढे आले. सईबाई तर पोर दोन वर्षांचं असतानाच गेलेल्या. म्हणजे राजगडावर लेकाची आणि नातवाची दोघांची वाट बघत होत्या त्या जिजाऊ. लेक आला, आणि नातू अजून यायचा होता. शाळेत हा धडा शिकवताना आमचे गुरुजी महाराजांच्या युक्तीपाशी टाळ्या घ्यायचे. त्या मधल्या दिवसांत जिजाऊंनी काय केलं, कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. निरोप पोहोचायला आठवडे लागायचे तेव्हा. माझी लेक मथुरेवरून गेली ते मला हातातल्या मोबाइलवर दिसलं, तरी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

मंगळवार, रात्री बारा

आली.

गाडीतून उतरली तेव्हा केस विस्कटलेले, चादर खांद्यावर, ओठ फुटलेले, आणि बोलतेय, बोलतेय. रिक्षात बोलत होती, जेवताना बोलत होती. कुतुबमिनार ७२ मीटर उंच आहे पण आत चढू देत नाहीत. ताजमहाल आधी धुक्यात नव्हताच, मग अकराच्या सुमाराला हळूहळू आला. कडक भाकरी दिल्लीच्या गाइडनेसुद्धा खाल्ली, चटणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होत्या.

मग रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. एक नाणं उरलं होतं. "नर्मदेचं राहिलं, आज्जी. झोप लागली. येताना टाकू म्हटलं तर तेव्हापण झोपलेच होते." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. नाणं देव्हाऱ्यात ठेवलंय.

ती झोपल्यावर बॅग उपसली. स्पेसर चादरीच्या घडीत नव्हता, वरच्याच कप्प्यात होता, वापरलेला, आणि कुणीतरी त्यावर पेनाने फूल काढलंय. तिचं चित्र नाही ते, तिला एवढं चांगलं फूल येत नाही. जॅकेटच्या खिशातून निळा पंप काढला. १४६.

अठरा दाब. एका वेळी दोन, म्हणजे नऊ वेळा. फोनवर मला सांगितलं ते एकदा. काही वेळा जिन्याआधी घेतला असेल, डॉक्टर म्हणाले होते तसा. काही वेळा नसेल. कुठल्या जिन्यावर, कुठल्या पहाटे, शेजारी कोण होतं, मला ठाऊक नाही.

आत जाऊन तिच्या पाठीला कान लावला. छाती वाजत नाही. पंप धुऊन, पुसून तिच्या शाळेच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला.