लक्षद्वीपचं परमिट अन् पोलीस पाटलाचा दाखला: माझा अनुभव

लक्षद्वीपला दिवाळीत जायचं मनात असन तर पोलिसांच्या प्रमाणपत्राचा अर्ज पोळ्याच्या आधी करा. बाकी सगळं खाली आहे, पण घाईत वाचणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुरे.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर, गाव यवतमाळ जिल्ह्यात. दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर जायचं असं मी अन् माझ्या एका मास्तर मित्रानं ठरवलं, कारण मोसम तसाही ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असते. कोचीवरून अगत्तीच्या विमानाचं तिकीट काढलं, पैसे परत मिळणारं नव्हतं. मग कळलं की लक्षद्वीपला नुसतं तिकीट चालत नाही, प्रवेशाचं परमिट लागते, अन् परमिटला पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन आहे, फी किरकोळ, पंधरा मिनिटांत भरला. मित्र यवतमाळ शहरात राहते, त्याचं प्रमाणपत्र आठ दिवसांत आलं. माझ्या अर्जासमोर मात्र 'पोलीस स्टेशनकडे प्रलंबित', ते तसंच.

ठाण्यात गेलो तर म्हणे पोळ्याचा बंदोबस्त आहे, नंतर या. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, परत गेलो तर गणपती. दहा दिवस गणपती. विसर्जनानंतर गेलो तेव्हा कुठं हवालदारसाहेबांनी अर्ज उघडला अन् विचारलं, "गुरुजी, नवी नोकरी लागून राहिली का?"

मी म्हटलं नाही साहेब, फिरायले जातो, लक्षद्वीपले.

"भारतातच हाय ना थे?"

"हो."

"मंग पोलिसाचा दाखला कायले? टिपेश्वरले वाघ पाह्यले जाले तं कोणी दाखला नाई मागत."

आता यात त्यांचं तरी काय चुकलं. मी शाळेत शिकवतो तसं समजावलं, की ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती, तिथले मूळ रहिवासी बहुतेक सगळे अनुसूचित जमातीत, म्हणून १९६७ पासून बाहेरच्यांच्या येण्याजाण्यावर नियम आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, "पोलीस पाटलाचा दाखला आना."

इथून खरी गंमत. आमच्या गावात पोलीस पाटीलच नाही, जागा रिकामी. चार्ज शेजारच्या गावच्या पाटलाकडे, मधात नाला. पहिल्या दिवशी नाल्याला पूर, अर्ध्या वाटेतून गाडी वळवली. दुसऱ्या खेपेला पाटील सोयाबीनच्या सवंगणीत (कापणीत), बायामाणसं लागलेली, त्यांना कागदाकडे पाहायला फुरसत नाही. बांधावर दीड तास बसलो. मग आले, घाम पुसला, पाणी पेले अन् म्हणाले, "गुरुजी, मी तुमाले वळखतच नाई, चांगल्या चालीचे हाय म्हनून कसं लिहून देऊ?" बरोबरच आहे हो! सरपंचाला फोन लावून दिला, मग तयार झाले. पण शिक्का घरी. घरी गेलो, चहा झाला, दाखला झाला. मी एवढा खुश की वाचलाच नाही. ठाण्यात हवालदारांनी वाचला: 'सदर इसम अंदमान येथे जात असून'. चालत नाही. परत नाला, परत सोयाबीन, यावेळी मळणी यंत्राच्या धुराळ्यात उभा. (हे लिहितानाही डोकं तापून राहिलं. दाखला सही करणाऱ्यासमोर उभं राहून वाचायचा, नाव, गाव, ठिकाण, तारीख, सगळं.)

दुरुस्त दाखला घेऊन गेलो तर दुर्गोत्सव. आमच्या यवतमाळच्या दुर्गोत्सवाचा मला अभिमानच आहे, पण त्या वर्षी देवीसमोर हात जोडून मी फक्त पोलिसांची ड्युटी संपू दे एवढंच मागितलं. गावात तोवर गोष्ट फिरली होती की गुरुजींवर केस झाली, म्हणून ठाण्यात चकरा चालू आहेत. एक पालक तर पोराची टीसी काढायची का म्हणून विचारून गेला. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला, प्रमाणपत्र तयार. मी वर्गातच ओरडलो, पोट्टे घाबरले.

नंतरचं परमिट ऑनलाइन झालं, अगत्तीत ज्यांच्याकडे राहणार होतो त्यांनीच तिकडचं पाहिलं. नागपूरहून केरळा एक्स्प्रेसनं एर्नाकुलम, कोचीहून लहानसं विमान. उतरल्यावर परमिट तिथल्या पोलिसांना दाखवायचं असते, त्याच्या दोन-तीन झेरॉक्स ठेवा. कॅश इथूनच न्या. दारूबंदी आहे, बॅगेत काही टाकू नका.

पाण्याचं सांगतो. मी विहिरीत पोहणं शिकलेला माणूस, कमरेला वाळला भोपळा बांधून. विहिरीचा तळ कधी दिसला नाही. इथं लगूनमध्ये, म्हणजे बेटाजवळच्या उथळ शांत पाण्यात, मास्क लावून तोंड पाण्यात घातलं तर तळाची रेती मोजता येईल इतकं साफ, अन् त्यावर समुद्रगवत चरत असलेलं हिरवं कासव. चरतच होतं, गायीसारखं, माझ्याकडे लक्ष नाही. अगत्तीत मधात ही कासवं इतकी वाढली होती की गवत पुरत नव्हतं म्हणतात. प्रवाळ मात्र पाहून वाईट वाटलं, काही पट्टे अगदी तुरीवर मर रोग आल्यासारखे, उभेच्या उभे वाळलेले. पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकते अन् पांढरं पडते. १९९८, २०१०, २०१६ अन् परत २०२४ मध्ये तिथं हे झालं. म्हणून त्यावर पाय देऊ नका, तुकडा खिशात घालू नका, तो गुन्हाही आहे.

स्कुबाला (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली डायव्हिंग) पोहता आलंच पाहिजे असं नाही, इन्स्ट्रक्टर धरून नेते. पण त्याआधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागते: दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास. खरं लिहा. सर्दी असन तर उतरूच नका, खाली जाताना नाक दाबून कानात हवा सोडावी लागते, ते जमत नाही अन् कान फाटल्यासारखा दुखते. हो, अन् महत्त्वाचं राहिलंच होतं: डायव्हिंग परतीच्या आदल्या संध्याकाळी ठेवू नका, पाण्यातून निघाल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नसते. मित्रानं शेवटच्या दिवसासाठी दुसरी डाइव्ह राखून ठेवली होती, ती गेली. आठ दिवसांत प्रमाणपत्र मिळालेल्याची. मला फार वाईट वाटलं असं काही नाही.

परत आल्यावर पाटलांना मोबाइलमधले कासवाचे फोटो दाखवायला गेलो. सवंगणी संपली होती, निवांत बसले होते. सगळे फोटो पाहिले, म्हणाले, "पुढच्या साली मले बी घेऊन चाला ना, गुरुजी."

मी म्हटलं चला की, पण पाटील, तुमचा दाखला कोण लिहून देईन?