शाओलिनची नापास झालेली काठी

बोधिधर्म नावाचा दक्षिण भारतातला राजपुत्र चीनला गेला, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला आणि मग त्यानं तिथल्या शाओलिन या बौद्ध मठातल्या भिक्षूंना कुंग फू शिकवलं, हा मेसेज मला अधूनमधून कुणीतरी पाठवतंच. मी कोल्हापुरात वुशू, म्हणजे चिनी युद्धकलेचा खेळ, शिकवतो, म्हणजे सर खूश होणार असा हिशेब. मी हात जोडलेलं चित्र टाकतो आणि गप्प बसतो. प्रत्येकाशी कुठं वाद घालायचा?

इथं मात्र लिहितो. या गोष्टीचा माग काढत गेलं तर आपण पोचतो 17व्या शतकातल्या एका व्यायामाच्या पुस्तकापाशी. हे व्यायाम बोधिधर्माचे असं सांगणारी त्याची प्रस्तावना आहे हजार वर्षं आधीच्या, थांग राजवटीतल्या एका सेनापतीच्या नावाची, आणि ती चक्क बनावट. हे चिनी अभ्यासकांनीच दाखवून दिलंय. थांग हाओ या संशोधकानं 1930 सालीच या दंतकथेची पिसं काढली होती. शाओलिनचं भारताशी नातं हवंच असेल तर ते खरंखुरं आहे की! 495च्या सुमाराला तो मठ बांधला गेला तोच एका भारतीय भिक्षूसाठी. चिनी लोक त्याला बातुओ म्हणतात. पण त्याच्या नावावर मारामारी नाही, त्यामुळे त्याला कुणी फॉरवर्ड करत नाही.

मठात 728 सालचा शिलालेख आहे. 621 मध्ये 13 भिक्षूंनी ली शिमिनच्या बाजूनं लढाईत कामगिरी केली, असं त्यातून कळतं. हा ली शिमिन पुढं सम्राट झाला, मठाचं भलं झालं. पण भिक्षू कसे लढले, हातात काय होतं, यावर अक्षर नाही.

शाओलिनचं नाव गाजलं ते मिंग राजवटीच्या काळात, काठीमुळं. आणि मला सगळ्यात आवडणारा किस्सा तिथलाच आहे. किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढलेला यू दायो नावाचा सेनापती 1561च्या सुमाराला वाट वाकडी करून मठात गेला. भिक्षूंनी हौसेनं काठी फिरवून दाखवली. यानं तोंडावर सांगितलं, तुमची खरी विद्या हरवलीय. मठाधिपती म्हणाले, मग तुम्हीच शिकवा. हे चार दिवसांचं काम नाही म्हटल्यावर दोन तरुण भिक्षू त्याच्याबरोबर धाडले, ते तीनेक वर्षं त्याच्या फौजेबरोबर हिंडले. (हे सगळं खुद्द यू दायोनंच लिहून ठेवलंय, तेव्हा थोडी फुशारकी धरून चाला.)

त्याच्याच बरोबरीचा सेनापती छी जिग्वांग. यानं सैनिकांसाठीच्या पुस्तकात मुष्टियुद्धाचे 32 पवित्रे दिले आणि वर सांगून टाकलं, मोठ्या लढाईत याचा उपयोग दिसत नाही, पण हातपाय मोकळे होतात, नवशिक्यानं इथून सुरुवात करावी. 1584च्या सुधारित आवृत्तीत त्यानं ते प्रकरणच गाळलं!

म्हणजे ‘हे खरं, की नुसता देखावा?’ ही चर्चा चीनमध्ये साडेचारशे वर्षं चालू आहे. 2017 मध्ये छंग्दूत शू श्याओदोंग या एमएमएवाल्यानं (एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) एका ताईची शिक्षकाला 20 सेकंदांच्या आत लोळवलं आणि चीनभर गहजब झाला, तेव्हा मला यू दायोच आठवला.

आमच्या खेळात या भांडणाच्या सरळ वाटण्याच केल्यात. ताओलू म्हणजे एकट्यानं करून दाखवायचे प्रकार, 10 पैकी गुण. सांदा म्हणजे समोरासमोर लढत: लाथा, ठोसे, पछाड. 80 सेंटिमीटर उंच मंचावरून समोरच्याला खाली ढकललं तरी चालतं.

ताओलूची काठी हातात घेऊन बघा. आपल्या मर्दानी खेळातली लाठी बांबूची, ही भरीव लाकडाची, बुडाशी जाड आणि शेंड्याकडं निमुळती. शेंडा जमिनीवर आपटला की थरथर मनगटापर्यंत येते. परीक्षकांना तेच हवं असतं. यू दायोनं नक्की नापास केलं असतं. पण ती थरथर हवी तिथं आणायला आणि हवी तिथं थांबवायला पोरांचे खांदे भरून येतात, आणि एवढ्यासाठी तरी मी ताओलूला देखावा म्हणणाऱ्यांशी भांडतो. सांदावाली पोरं त्यांना ‘डान्सर’ म्हणतात. ताओलूवाली सांदावाल्यांना काय म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.